नियम पाठ आहेत, तरी पेपरात चुकतं: इंग्रजीचा सराव कसा करावा

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: परीक्षेला चार महिने राहिलेत. व्याकरणाचे नियम पाठ आहेत, सरावपुस्तकातली वाक्यं बहुतेक बरोबर येतात, पण सराव परीक्षेत त्याच प्रकारची वाक्यं चुकतात. रोज वीस शब्द पाठ करतेस आणि आठवड्याने त्यातले निम्मेही आठवत नाहीत. अपठित उतारा दोनदा वाचूनही उत्तर नेमकं कुठे आहे ते सापडत नाही. आणि शेवटी तू विचारलं आहेस, ‘अजून किती सराव करू?’

मी बरीच वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. मेहनती मुलांकडून हाच प्रश्न सतत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तू सराव वाढवायची गरज नाही, त्याची पद्धत बदलायला हवी. ‘ॲक्टिव्ह-पॅसिव्ह’ असं डोक्यावर लिहिलेल्या पानावरची पंचवीस वाक्यं सोडवताना कोणता नियम लावायचा हे त्या शीर्षकानेच सांगून टाकलेलं असतं. तुला तो फक्त लावायचा असतो. पेपरात एका वाक्याला टॅग, म्हणजे शेवटी छोटा प्रश्न, लावायचा असतो, दुसऱ्याचं नकारार्थी करायचं असतं, तिसऱ्यात आर्टिकल (‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’) भरायचं असतं, आणि वाक्याकडे बघून इथे काय चाललंय हे आधी तुलाच ओळखावं लागतं. त्या ओळखण्याचा सराव तू केलेलाच नाहीस. शब्दांचंही तेच. यादी वाचताना शब्द ओळखीचा वाटतो, पण निबंध लिहिताना तो कोऱ्या पानावर आठवावा लागतो. म्हणजे तुला येत नाही असं नाही. जे येतं ते मागितल्या वेळी बाहेर काढण्याची सवय नाही.

काही गोष्टी तू लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. तुझा पेपर बहुपर्यायी आहे की पूर्ण वाक्यात लिहायचा? व्याकरणाला किती गुण, वाचनाला किती? हे तुझ्या मंडळाच्या नमुना प्रश्नपत्रिकेवरून आजच बघून घे, कारण त्यावर वेळेची वाटणी ठरेल. दुसरं, तुझा पाया किती पक्का आहे? गेल्या वर्षीच्या इंग्रजीच्या पुस्तकातलं न शिकवलेलं एक पान काढ आणि अडलेले शब्द मोज. शंभर शब्दांमागे दोन-तीन अडत असतील तर खाली लिहिलेलं सगळं जसंच्या तसं कर. दहा-बारा अडत असतील तर पहिले दोन महिने व्याकरणाला थोडा वेळ दे आणि बाकी सगळा वेळ सोप्या वाचनाला दे. वाक्यच कळत नसेल तर त्याचं रूपांतर करायला शिकून फारसा उपयोग होत नाही.

आता व्याकरण. माझ्या वर्गात कोणत्याही वाक्याला हात लावण्याआधी एक काम सक्तीचं असतं: क्रियापदाच्या संपूर्ण गटाखाली रेघ मारायची. नुसत्या मुख्य क्रियापदाखाली रेघ चालत नाही, त्याच्या आधीची सगळी साहाय्यक क्रियापदंही त्यात यायला हवीत. हे का, ते एका वाक्यावरून दाखवते.

‘समबडी हॅज स्टोलन माय सायकल.’ याचं पॅसिव्ह करायला सांगितलं की निम्मा वर्ग लिहितो, ‘माय सायकल इज स्टोलन बाय समबडी.’ या मुलांना नियम येतो. कर्म पुढे आणलं, तिसरं रूप वापरलं, ‘बाय’ लावलं. निसटला तो ‘हॅज’. रेघ ‘हॅज स्टोलन’ या दोन्ही शब्दांखाली गेली असती तर काळ प्रेझेंट परफेक्ट आहे हे दिसलं असतं. पॅसिव्ह करताना ‘बी’ हे क्रियापद त्याच काळात घालायचं असतं, म्हणजे ‘हॅज बीन’, आणि त्यापुढे ‘स्टोलन’. झालं: ‘माय सायकल हॅज बीन स्टोलन.’ ‘बाय समबडी’ गाळायचं, कारण कोणी चोरली हे माहीतच नाही.

या रेघेचा खरा फायदा पुढे आहे. इंग्रजीत क्रियापदाच्या गटात काळ फक्त पहिल्या शब्दावर दिसतो. ‘वॉज रिटन’मध्ये तो ‘वॉज’वर आहे, ‘हॅज बीन वर्किंग’मध्ये ‘हॅज’वर. ही एक गोष्ट नीट बसली की चार-पाच वेगवेगळे वाटणारे धडे एकाच धाग्यात येतात. प्रश्न करायचा तर पहिला शब्द कर्त्याच्या आधी आणायचा. नकार करायचा तर ‘नॉट’ त्या पहिल्या शब्दाच्या मागोमाग. टॅग लावायचा तर तोच पहिला शब्द पुन्हा वापरायचा: ‘दे हॅव फिनिश्ड, हॅवन्ट दे?’ आणि गटात साहाय्यक नसेलच, एकटं ‘वेंट’ असेल, तर ‘डू’ला बोलवायचं. पण मग काळ ‘डिड’ घेऊन जातो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात परत येतं. म्हणून ‘डिड शी गो?’ बरोबर आणि ‘डिड शी वेंट?’ चूक, कारण तिथे भूतकाळ दोनदा झाला. ‘शी डझ नॉट गोज’ ही चूकही याच घरातली आहे. अपवाद असतात, ‘आय ॲम लेट, आरन्ट आय?’ किंवा ‘लेट्स गो, शॅल वी?’ यांसारखे, पण ते मोजकेच आहेत आणि खुशाल पाठ करावेत.

मराठीतून विचार करणाऱ्यांना अडणाऱ्या दोन जागा वेगळ्या काढून ठेव. पहिली, प्रेझेंट परफेक्ट. ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ असं आपण सहज म्हणतो, म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ असं हातून उतरतं. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘अगो’ किंवा एखादं गेलेलं साल दिसलं की साधा भूतकाळ वापरायचा, तिथे ‘हॅव’ला जागा नाही. दुसरी जागा आर्टिकल्सची. आपल्या भाषेत ती नाहीतच, त्यामुळे कानाला खटकून चूक सापडेल या आशेवर राहू नकोस. प्रत्येक नामापाशी थांबून विचार: हे मोजता येतं का? वाचणाऱ्याला नेमकं कोणतं ते माहीत आहे का? ‘आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज लिंपिंग.’ पहिल्या वाक्यात कुत्रा नवा आहे, दुसऱ्यात ओळखीचा झाला. ‘अ’ की ‘ॲन’ हे मात्र अक्षरावर न ठरता उच्चारावर ठरतं, म्हणून ‘ॲन अवर’ आणि ‘अ युनिव्हर्सिटी’.

आता सरावाची पद्धत. प्रत्येक धड्यातली पाच-सहा वाक्यं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिही, धड्याचं नाव न लिहिता. सगळ्या मिसळ आणि रोज त्यातल्या बारा उचल. आधी फक्त ओळख: काय विचारलंय, क्रियापदाचा गट कोणता, काळ कोणता. मग सोडव. पहिले काही दिवस तुझे गुण कमी होतील आणि तुला वाटेल की हे उलटंच झालं. तेव्हा ही पद्धत सोडू नकोस. डग रोरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये गणितावर असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा त्याची सुमारे २० टक्के गणितं बरोबर आली आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६३ टक्के. विषय गणिताचा होता हे खरं, पण नियम ओळखून लावण्याचं काम व्याकरणातही तेच असतं, आणि माझ्या वर्गातला अनुभव याहून वेगळा नाही.

चुकांची वही ठेवतेस का? बहुतेक मुलं ठेवतात, पण तिच्यात बरोबर उत्तर उतरवून मोकळी होतात. त्याने हाताला व्यायाम होतो, चूक तशीच राहते. उत्तराशेजारी चूक का झाली ते लिही. माझ्या मते कारणं तीनच असतात. नियमच माहीत नव्हता, म्हणजे तो धडा पुन्हा वाचायचा. नियम माहीत होता पण इथे लागतो हे ओळखलं नाही, म्हणजे तसल्या चिठ्ठ्या वाढवायच्या. किंवा सगळं कळत होतं पण घाईत ‘एस’ राहिला, म्हणजे पेपर संपल्यावर कर्ता आणि क्रियापद जुळतंय का एवढंच बघायला पाच मिनिटं राखून ठेवायची. तिन्ही चुकांवर एकच औषध, म्हणजे ‘अजून सराव’, लागू पडत नाही. तू लिहिलेल्यावरून मला वाटतं तुझ्या चुका दुसऱ्या प्रकारच्या जास्त असाव्यात.

शब्दांकडे वळू. रोज वीस हा आकडा सोड. आठ पुरे, पण त्या आठांना परत परत भेटायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाऊस याने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने गळतं, नंतर गळती मंदावते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, आठवड्याने केली तर जवळजवळ नव्याने पाठ करावं लागतं. पण उजळणी म्हणजे यादी पुन्हा वाचणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. तू रात्री यादी वाचून लगेच स्वतःची परीक्षा घेतेस आणि सगळं येतं असं वाटतं, ते यामुळेच.

यासाठी सोपी व्यवस्था म्हणजे तीन खोकी. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात ही कार्डांची पद्धत लोकप्रिय केली. नवा शब्द पहिल्या खोक्यात, ते रोज उघडायचं. आठवला तर कार्ड दुसऱ्यात, ते दर तीन दिवसांनी. पुन्हा आठवला तर तिसऱ्यात, ते आठवड्याने. कुठेही अडला की परत पहिल्यात. त्यामुळे अवघड शब्द आपोआप जास्त वेळा समोर येतात आणि येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही.

कार्डावर काय लिहायचं हे मला पद्धतीइतकंच महत्त्वाचं वाटतं. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ एवढंच असेल तर शब्द वाचताना कळेल, लिहिताना येणार नाही. एका बाजूला गाळलेली जागा असलेलं वाक्य लिही, शक्यतो जिथे तो शब्द भेटला तेच वाक्य. दुसऱ्या बाजूला तो शब्द, त्याचं कुटुंब आणि सोबत येणारा शब्द. ‘डिसाइड’ असेल तर ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ आणि ‘मेक अ डिसिजन’. चूक इंग्रजीत ‘मेक’ करतात आणि गृहपाठ ‘डू’ करतात, ‘डू अ मिस्टेक’ होत नाही. अशा जोड्या नियमाने सुटत नाहीत, जोडी म्हणूनच लक्षात ठेवाव्या लागतात. स्पेलिंग मात्र हाताने लिहूनच पक्कं होतं. स्क्रीनवर नुसतं बोट फिरवून ते होत नाही.

आणि कोणते शब्द? मुलं जड, भारदस्त शब्दांच्या मागे लागतात. मायकेल वेस्ट या इंग्रजीच्या शिक्षणतज्ज्ञाने १९५३ मध्ये शिकणाऱ्यांसाठी सुमारे दोन हजार शब्दांची यादी केली होती, आणि साध्या इंग्रजी लेखनाचा मोठा भाग तेवढ्या शब्दांवर चालतो. उताऱ्यात घात होतो तोही बहुतेक वेळा छोट्या शब्दांनी. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे काही मित्र आहेत, ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे, म्हणून ‘अनलेस यू डू नॉट वर्क’ लिहिलं की अर्थ उलटा होतो. असे शब्द आधी पक्के कर.

आता तुझं खरं दुखणं, अपठित उतारा. एक नमुना घेऊ. ‘द ओल्ड ब्रिज हॅड बीन क्लोज्ड टू ट्रॅफिक, बट द चिल्ड्रन स्टिल यूज्ड इट टू रीच स्कूल. दिस वरीड द एंजिनिअर.’ प्रश्न: ‘व्हॉट वरीड द एंजिनिअर?’ बरीच मुलं लिहितात, ‘द ओल्ड ब्रिज.’ कारण त्यांनी प्रश्नातला ‘एंजिनिअर’ हा शब्द उताऱ्यात शोधला, जवळचं पहिलं नाम उचललं आणि लिहिलं. पण पूल तर बंदच केला होता. इंजिनिअरला काळजी होती ती मुलं अजूनही त्यावरून जातात याची. ‘दिस’ हा शब्द ‘बट’नंतरच्या संपूर्ण विधानाकडे बोट दाखवतो. उताऱ्यातले अर्धे गुण अशा ‘दिस’, ‘इट’, ‘दे’, ‘सच’मध्ये आणि ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’मध्ये अडकलेले असतात. सराव करताना प्रत्येक सर्वनामापासून ते ज्याबद्दल आहे तिथपर्यंत पेन्सिलीने बाण काढ आणि प्रत्येक ‘बट’भोवती गोल कर. पंधरा दिवस हे कर. मग पेपरात बाण न काढताही नजर तिकडे जायला लागते.

अनोळखी शब्द आला की थांबू नकोस, पुढचं वाक्य वाच. ‘द फार्मर वॉज फ्रूगल, ही नेव्हर बॉट अ न्यू टूल इफ द ओल्ड वन कुड बी मेंडेड.’ ‘फ्रूगल’ माहीत नसला तरी दुरुस्त होणारं अवजार असताना नवं न घेणारा माणूस कसा असेल हे कळतंच. पण हा अंदाज आजूबाजूचे शब्द कळत असतील तरच बांधता येतो. हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं की कोणाच्याही मदतीशिवाय मजकूर नीट कळण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. ८० टक्केच ओळखीचे होते तेव्हा एकाही वाचकाला तो पुरेसा कळला नाही. म्हणून रोजच्या वाचनासाठी सोपं पुस्तक निवड. अडीचशे शब्दांच्या पानावर पाचएक नवे शब्द, याहून जास्त नको. सोपं वाचायला लाज वाटते असं मुलं सांगतात, आणि मग अवघड पुस्तक तिसऱ्या पानावर मिटतात. त्यापेक्षा सोपी तीन पुस्तकं संपवणं केव्हाही चांगलं.

प्रश्न आधी वाचावे की उतारा? याबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. मी उतारा आधी वाचायला सांगते, कारण प्रश्नातले शब्द उताऱ्यात जसेच्या तसे क्वचितच असतात आणि शब्द शोधत वाचलं की वरच्या पुलासारखं होतं. उतारा फार लांब आणि वेळ कमी असेल तर प्रश्नांवर एक नजर टाकायला हरकत नाही. उत्तर लिहिताना प्रश्नाचाच सांगाडा वापर, पण ‘डिड’ काढून. ‘व्हाय डिड द बॉय रन अवे?’ याचं उत्तर ‘द बॉय रॅन अवे बिकॉज...’ असं सुरू होतं. ‘द बॉय डिड रन’ असं लिहून अर्धा गुण गमावणारी मुलं दर पेपरात दिसतात.

वेळेचं म्हणशील तर रोजचा पाऊण तास पुरेसा आहे, तो न चुकता मिळाला तर. पंधरा मिनिटं चिठ्ठ्या, दहा मिनिटं कार्डं, वीस मिनिटं वाचन. आठवड्यातून एकदा वाचनाऐवजी एक उतारा घड्याळ लावून. जुन्या प्रश्नपत्रिका मात्र जपून वापर. एक लगेच सोडव, म्हणजे आज कुठे आहोत ते कळेल. नंतर महिन्याला एक, आणि शेवटच्या महिन्यासाठी किमान चार न बघितलेल्या राखून ठेव. त्या आधीच उरकल्यास तर शेवटी पूर्ण वेळ लावून पेपर लिहायचा सराव कशावर करणार?

या आठवड्यात एवढंच कर: पहिली प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून सोडव, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वरच्या तीनपैकी कोणतं कारण ते लिही आणि प्रत्येक कारणाच्या चुका मोज. ते तीन आकडे आणि उताऱ्यातली चुकलेली दोन-तीन उत्तरं प्रश्नासकट मला कळव. चिठ्ठ्यांवर जास्त वेळ द्यायचा की वाचनावर, हे मी त्यावरून सांगते.